क जीवनसत्त्व मुरुमाला की मुरुमाच्या डागाला?

प्रश्न : माझे वय २७ असून मी रत्नागिरीजवळच्या एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. दीड वर्षापासून हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मुरुम येतात. पाळीच्या आधीच्या आठवड्यात ते वाढतात. ते बसले की मागे तपकिरी डाग राहतात. पुण्याच्या आतेबहिणीला फरक पडला होता, तिने सांगितले म्हणून २० टक्के क जीवनसत्त्वाचे ३० मिलीचे सीरम मागवले आणि तीन महिने सकाळ-संध्याकाळ दोन-दोन थेंब लावले. लावल्यावर चांगलेच चुरचुरते. मुरुम थांबलेले नाहीत, उलट कपाळावर बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या आल्या आहेत. पाण्यासारखे असलेले सीरम आता कोऱ्या चहासारखे दिसते. आई म्हणते, बाटल्यांवर पैसे घालवण्यापेक्षा डाळीच्या पिठात लिंबू पिळून लाव, त्यातही तेच जीवनसत्त्व असते. वर्गातल्या मुली ‘बाई, तुमच्या तोंडाला काय झालं?’ असे विचारतात तेव्हा ओशाळल्यासारखे होते. क जीवनसत्त्वाने मुरुम खरोखर जातात का? मी चुकीच्या कंपनीचे सीरम घेतले का? आणि उरलेली अर्धी बाटली टाकवत नाही. ती हातापायांना लावली तर चालेल का?

उत्तर : तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत: हनुवटीवरचे मुरुम, त्यांच्या मागे उरणारे डाग आणि कपाळावरच्या खाजणाऱ्या पुटकुळ्या. या तिन्हींची कारणे निराळी आहेत, आणि तुम्ही आणलेले सीरम त्यांपैकी फक्त मधल्या तक्रारीवर थोडेफार काम करू शकते. सीरम कोणत्या कंपनीचे होते, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. ते उत्तम कंपनीचे असते तरी तुमचे मुरुम थांबले असते असे मला वाटत नाही.

मुरुम त्वचेच्या पृष्ठभागावर दिसत असला तरी त्याची सुरुवात आत, केसाच्या मुळाशी असलेल्या नळीत होते. तिथल्या तैलग्रंथी अधिक तेल सोडू लागतात, नळीच्या आतल्या अस्तराच्या मृत पेशी झडून बाहेर पडण्याऐवजी चिकटून बूच बनवतात, त्या बुचामागे क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू वाढतात आणि मग शरीराची प्रतिकारयंत्रणा तिथे दाह निर्माण करते. तैलग्रंथींना चालना देणारी संप्रेरके (हार्मोन्स) रक्तातून येतात. या साखळीत क जीवनसत्त्वाला शिरकाव करायला जागा फार थोडी आहे. ते बूच सोडवत नाही आणि संप्रेरकांपर्यंत तर पोहोचतच नाही. एक जागा मात्र आहे. त्वचेच्या तेलातील स्क्वालीन नावाच्या घटकाचे ऊन आणि हवेमुळे ऑक्सिडीकरण होते, आणि असे बिघडलेले स्क्वालीन नळ्या बुजवण्यास आणि दाह वाढवण्यास हातभार लावते. ऑक्सिडीकरण रोखणारा पदार्थ तिथे उपयोगी पडावा, हा तर्क चुकीचा नाही.

या तर्काच्या आधारे काही चाचण्या झाल्या आहेत, पण त्या तुमच्या बाटलीतल्या पदार्थावर नाहीत. त्या झाल्या सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट या त्याच्या भावंडावर. क जीवनसत्त्वाच्या रेणूला फॉस्फेट जोडून तयार केलेले हे रूप पाण्यात टिकते, फारसे आम्लधर्मी नसते, आणि त्वचेतील विकर (एन्झाइम) ते फॉस्फेट तोडून मूळ जीवनसत्त्व मोकळे करतात. त्याच्या ५ टक्के लोशनने १२ आठवड्यांत मुरुम कमी झाल्याचे या चाचण्यांत दिसले. मात्र त्या लहान होत्या, आणि त्यांच्या जोरावर याला मुरुमांचा मुख्य उपचार म्हणता येत नाही. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये मुरुमांच्या उपचाराची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत बेंझॉइल पेरॉक्साइड आणि लावण्याची रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या कुळातली) औषधे यांची ठामपणे शिफारस आहे. त्या शिफारशींत क जीवनसत्त्वाला जागा नाही.

मग तुमच्या आतेबहिणीला फरक कसा पडला? माझा अंदाज असा की तिचे मुरुम आधीच ओसरले होते आणि उरले होते ते डाग. आपल्यासारख्या गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत कोणताही दाह झाला की रंगपेशी जास्तीचे मेलॅनिन तयार करतात, आणि मुरुम आठवड्याभरात बसला तरी त्याची तपकिरी खूण महिनोन्महिने रेंगाळते. मेलॅनिन तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला तांब्याची गरज असते. क जीवनसत्त्व त्या तांब्याशी संबंध जोडून विकराचे काम मंदावते, शिवाय मेलॅनिन बनण्याच्या वाटेवरचे मधले पदार्थ पुन्हा मागच्या पायरीवर नेते. कोलॅजेनच्या बांधणीलाही ते लागते. दर्यावर्दींच्या हिरड्यांतून ज्या स्कर्व्ही रोगात रक्त येई, तो याच्या अभावाने होतो, आणि या जीवनसत्त्वाचे ‘ॲस्कॉर्बिक आम्ल’ हे नाव स्कर्व्हीला दूर ठेवणारे या अर्थानेच पडले आहे. तेव्हा डागांसाठी क जीवनसत्त्व लावणे अगदीच निराधार नाही, पण ते धिमे काम आहे आणि एक अट त्याला आहे. नवे मुरुम येणे आधी थांबले पाहिजे. रोज नवी खूण पडत असताना जुनी पुसत बसण्यात तुमचे तीन महिने गेले. मुरुमाने पडलेले खड्डे असतील, तर ते मात्र कोणत्याच सीरमने भरून येत नाहीत. त्यांचे उपाय दवाखान्यात करावे लागतात.

आता त्या कोऱ्या चहासारख्या रंगाविषयी, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा तपशील मला तोच वाटला. शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्ल पाण्यात विरघळते, पण पाण्यात सुखाने राहत नाही. हवा, उजेड आणि उष्णता या तिन्हींनी त्याचे ऑक्सिडीकरण होते. आधी डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल बनते आणि तिथून पुढे ते परत न येण्याच्या वाटेला लागते. द्रावण पाण्यासारखे असते ते फिकट पिवळे, मग केशरी आणि शेवटी तपकिरी होते. फिकट पिवळे झालेले सीरम अजून काही प्रमाणात उपयोगाचे असू शकते, पण चहाचा रंग आला की त्यातील बरेचसे औषध संपलेले असते. विघटनाच्या या वाटेवर एरिथ्रुलोज नावाची साखरही तयार होऊ शकते, आणि हीच साखर ऊन न लागता त्वचा सावळी दिसावी म्हणून विकल्या जाणाऱ्या लोशनांत वापरतात. त्यामुळे जुने सीरम लावल्यावर चेहऱ्याच्या रंध्रांत तपकिरी ठिपके दिसू लागले अशी तक्रार घेऊन येणारे लोक मला भेटतात. डाग घालवायला आणलेली बाटली डागांसारखे काहीतरी देऊन जाते. तुमची बाटली न्हाणीघरातल्या फळीवर होती, की शयनगृहातल्या खिडकीत? कोकणातला उकाडा, दमट हवा आणि दिवसातून दोनदा उघडले जाणारे झाकण असताना तीन महिने ते टिकले नाही, यात नवल काहीच नाही.

चुरचुरण्याचे कारणही याच रसायनशास्त्रात आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे त्वचाशास्त्रज्ञ शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये डुकराच्या त्वचेवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत असे दिसले की ॲस्कॉर्बिक आम्ल त्वचेत शिरायला द्रावणाचा सामू (पीएच; तो जितका कमी तितके द्रावण अधिक आम्लधर्मी) ३.५ च्या खाली असावा लागतो, प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे नेल्याने शोषण वाढत नाही, आणि त्वचेत एकदा मुरलेले जीवनसत्त्व निम्मे व्हायला सुमारे चार दिवस लागतात. यातला शेवटचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. जे चार दिवस टिकते ते दिवसातून दोनदा लावण्याची गरज नाही. निरोगी त्वचेचा सामू साधारण ५ च्या आसपास असतो, आणि सामूचा प्रत्येक अंक दहापटींनी चढतो-उतरतो, म्हणजे ३.५ सामूचे द्रावण त्वचेपेक्षा तीसपटींनी अधिक आम्लधर्मी झाले. मुरुमांनी आधीच सुजलेल्या चेहऱ्यावर असे द्रावण रोज दोन वेळा लावले की त्वचेचे संरक्षक आवरण झिजते. सावळ्या त्वचेत अशा जळजळीचाही डाग पडतो. ‘चुरचुरते म्हणजे काम करते’ हा समज कुठून आला कोण जाणे, पण त्याने बऱ्याच चेहऱ्यांचे नुकसान केले आहे.

आईंचे म्हणणे पैशांच्या बाबतीत बरोबर आहे, लिंबाच्या बाबतीत नाही. १०० ग्रॅम लिंबाच्या रसात क जीवनसत्त्व साधारण ५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्के असते. तुमच्या सीरमवर लिहिलेले प्रमाण त्याच्या ४०० पट होते. रसात खरा भरणा सायट्रिक आम्लाचा असतो आणि त्याचा सामू २ ते २.५ च्या घरात जातो, म्हणजे झोंबण्यात तो सीरमलाही मागे टाकतो. शिवाय लिंबूवर्गीय फळांत, विशेषतः सालीत, फ्युरोकुमॅरिन गटातील द्रव्ये असतात. ती त्वचेवर राहिली आणि वर ऊन लागले, तर भाजल्यासारखे फोड येऊन काळे चट्टे पडतात. संत्र्याच्या सालीच्या पुडीलाही म्हणूनच मी चेहऱ्यापासून लांब ठेवायला सांगते. लिंबू वरणभातावर पिळावे, आवळा मोरावळ्यात घालावा. आईंना वाईट वाटू नये म्हणून हवे तर माझे नाव सांगा.

कपाळावरच्या पुटकुळ्यांविषयी मी पत्रावरून निदान करणार नाही, पण दोन शंका बोलून दाखवते. पहिली खोबरेल तेलाची. केसांना तेल चोपडून रात्री झोपण्याची सवय असेल, तर ते कपाळावर उतरते आणि केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्यांची रांग उठते. तेल धुण्याच्या आधी तासभर लावा आणि कपाळ मोकळे ठेवा. उशीचा अभ्रा बदलत जा. दुसरी शंका यीस्टची आहे. मॅलॅसेझिया नावाचे यीस्ट दमट हवेत घामट, तेलकट त्वचेच्या केसमुळांत वाढते. त्याच्या पुटकुळ्या एकसारख्या आकाराच्या असतात आणि खाजतात. मुरुम सहसा दुखतो, फारसा खाजत नाही. मुरुम समजून प्रतिजैविके घेतली तर हा त्रास वाढू शकतो, आणि त्याचे औषध बुरशीविरोधी असते. एवढ्यासाठी तरी त्वचारोगतज्ज्ञांना एकदा चेहरा दाखवावा.

आता काय करायचे ते सांगते. सीरम आजच बंद करा. दोन आठवडे सौम्य फेसवॉश, तेलविरहित साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन यांपलीकडे काहीही लावू नका. चुरचुर पूर्ण थांबली म्हणजे आवरण सावरले असे समजावे. त्यानंतर मुरुमांवरचे खरे उपचार सुरू करता येतील. तुमच्यासारख्या मध्यम त्रासात बहुधा रात्री ०.१ टक्का ॲडॅपलीन जेल आणि सकाळी २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड असा क्रम सुचवला जातो. ॲडॅपलीन हे रेटिनॉइड नळीतले बूच सुटायला मदत करते, बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणूंना मारते, आणि त्याला जिवाणू सरावत नाहीत हा त्याचा मोठा गुण आहे. ॲडॅपलीन मटाराच्या दाण्याएवढेच घेऊन सगळ्या भागावर पातळ पसरायचे, फक्त फोडावर ठिपका द्यायचा नाही. कारण आज जिथे काही दिसत नाही तिथेच पुढच्या महिन्याचा मुरुम तयार होत असतो. सुरुवातीला एक दिवसाआड लावा. पहिल्या काही आठवड्यांत त्वचा सोलल्यासारखी होते, कधी मुरुम थोडे वाढतातही, आणि नेमके तेव्हाच बहुतेक लोक औषध सोडतात. निकाल १२ आठवड्यांनी पाहायचा असतो. बेंझॉइल पेरॉक्साइडने टॉवेल आणि उशीचे अभ्रे विटतात, तेव्हा पांढरे वापरा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर ॲडॅपलीन वापरायचे नाही; डॉक्टरांना हे आधीच सांगा.

तुमच्या बाबतीत मला स्वतःला अझेलेइक आम्लाचा पर्याय अधिक पसंत पडेल. १० किंवा २० टक्क्यांच्या क्रीमच्या रूपात ते मिळते. ते मुरुमांवरही काम करते आणि टायरोसिनेजला आवर घालून डागांवरही, आणि गरोदरपणातही ते चालते. सीरमकडून तुम्ही जी दोन कामे एकत्र होण्याची अपेक्षा केली होती, ती हे क्रीम खरोखर करते. पहिले काही दिवस थोडी खाज सुटते, ती पुढे जाते. सीरमइतका बोलबाला त्याच्या वाट्याला आलेला नाही, एवढेच.

औषधाच्या दुकानात जाऊन ‘डागांवर काहीतरी द्या’ असे मात्र म्हणू नका. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशा तीन द्रव्यांची मिश्रणे सहज हातात पडतात. त्यातले मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, लोक विचारतात काय लावलेस, आणि काही महिन्यांनी मुरुमांचा नवा उद्रेक, लाली आणि कातडी पातळ होणे सुरू होते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये लावण्याच्या स्टेरॉइडांपैकी अनेकांना चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत घातले, तरी माझ्याकडे असे चेहरे आजही येतात.

डागांसाठी सर्वांत जास्त काम करणारी गोष्ट सीरमच्या आधी येते आणि ती म्हणजे सनस्क्रीन. शाळेचे मैदान, एसटीचा थांबा, खिडकीजवळचे टेबल, एवढे ऊन डाग गडद ठेवायला पुरेसे असते. एसपीएफ ३० किंवा ५० चे, तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर दोन रेघा ओढता येतील एवढे, चेहरा आणि मानेसाठी घ्या आणि शाळेत मधल्या सुट्टीत पुन्हा लावा. सावळ्या त्वचेच्या डागांवर दृश्य प्रकाशाचाही परिणाम होतो. लोहाची ऑक्साइडे घातलेले त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन तो प्रकाशही अडवते, आणि डाग लगेच थोडे झाकले जातात हा वरचा फायदा. वर्गातल्या मुलींच्या प्रश्नावर तेवढा तात्पुरता उपाय तरी होईल.

मुरुम जबड्याच्या कडेने आणि पाळीच्या आधी वाढणारे आहेत, ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील किंवा वजन कारणाशिवाय वाढले असेल, तर पीसीओएस या संप्रेरकांच्या बिघाडाच्या तपासण्या कराव्या लागतील आणि उपचार पोटातून घेण्याच्या औषधांचे असतील. यातले काही नसेल तर निश्चिंत राहा. पाळीआधी मुरुम वाढणे एरवीही सर्रास आढळते.

नवे मुरुम येणे दोन-तीन महिने थांबले आणि डाग तरीही राहिले, की क जीवनसत्त्वाकडे परत यायला हरकत नाही. तेव्हा १० टक्क्यांपासून सुरुवात करा, सकाळी एकदाच, सनस्क्रीनच्या आधी. शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्ल घ्यायचे तर त्यात ई जीवनसत्त्व आणि फेरुलिक आम्ल आहे का ते पाहा, कारण त्यांच्या सोबतीने ते अधिक टिकते. तुमची त्वचा तेलकट, मुरुमांची आणि आता नाजूकही झालेली असल्याने सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेटचे सीरम अधिक सोसेल. बेंझॉइल पेरॉक्साइड हे स्वतःच ऑक्सिडीकरण करणारे आहे, त्यामुळे ते आणि क जीवनसत्त्व एकाच वेळी एकावर एक लावणे म्हणजे एकाने दुसऱ्याला खाणे होय. एक सकाळी, दुसरे रात्री, असे विभागून घ्या. बाटली अपारदर्शक किंवा गडद काचेची असावी, आणि ड्रॉपरपेक्षा हवा आत न घेणारा पंप असेल तर उत्तम.

राहिली ती उरलेली अर्धी बाटली. हातापायांना लावून मोठा अपाय होणार नाही, पण उपयोगही होणार नाही, आणि चादरींना पिवळट डाग पडतील ते वेगळेच. ती टाकून द्या. एक मिलीचे साधारण २० थेंब होतात. दिवसाला चार थेंबांच्या हिशेबाने तुमची ३० मिलीची बाटली पाच महिने पुरली असती, आणि कोकणच्या हवेत उघडलेल्या बाटलीचे आयुष्य तेवढे नसते. पुढच्या वेळी १५ मिलीची घ्या, झाकणावर उघडल्याची तारीख लिहा, आणि फ्रिजच्या दारात, घरातल्या कुणी ती सरबताचा अर्क समजणार नाही अशा ठिकाणी ठेवा.